टेकडीच्या रस्त्याचं कलम

लुएला गेल्यापासून हायरमला एकच स्वप्न पडत होतं. तो टेकडीचा रस्ता चढतो आहे, बर्फ पडतो आहे पण थंडी वाजत नाही, आणि रस्ता संपत नाही. वर पोचल्यावर दफनभूमीचं फाटक दिसायला हवं, तर तिथे पुन्हा पहिलंच वळण. स्वप्नात त्याला दम लागत नसे. जाग आल्यावर मात्र पिंढऱ्या भरून आलेल्या असत, आणि बाहेर साखरेच्या पाकासाठी मेपलच्या झाडांना टांगलेल्या बादल्यांत रस ठिबकण्याचा आवाज येत असे. मग बराच वेळ त्याला कळत नसे की आपण घरात आहोत की अजून रस्त्यावर.

लुएला जानेवारीत गेली. हॅलम गावात जानेवारीत कुणाला पुरत नाहीत. जमीन दगडासारखी असते, कुदळ उसळून परत येते. हिवाळ्यात गेलेली माणसं चर्चच्या मागच्या दगडी कोठीत मे महिन्याची वाट बघतात. लुएलाही तिथेच होती. हायरम रोज सकाळी टपाल आणायला जाताना कोठीच्या लोखंडी दाराशी थांबायचा, टोपी काढायचा आणि हवापाण्याचं काहीबाही सांगायचा. आज रस चांगला आला. आज वारा फिरलाय. नवरा-बायकोचं चाळीस-एक वर्षांत जसं बोलणं होतं तसंच.

तिला कुठे ठेवायचं ते ठरलेलं होतं. त्यांचा मुलगा जेमतेम आठवडाभर जगला होता, तो टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत होता. लुएला दर रविवारी तिथे जायची. शेवटच्या आजारात ती म्हणाली होती, "मला वर ठेव, पोराशेजारी. खाली चर्चमागे नको. तिथे वाचनालयातल्या हेस्टरची आई आहे. ती मेल्यावरसुद्धा गप्प बसली नसेल."

हायरमने हो म्हटलं होतं. एवढं एकच तिने त्याच्याकडे मागितलं होतं.

पण त्याने गावालाही एक शब्द दिला होता, तिच्या आधी. आदल्या मार्चमध्ये तो गावमंडळावर निवडून आला तो घरपट्टी एक दशांशाने खाली आणीन असं सांगून. बॉस्टनचे लोक सुट्टीपुरती घरं विकत घेत होते, त्यामुळे किमती चढत होत्या, आणि ज्यांना घर विकायचंच नव्हतं त्यांचीही घरपट्टी त्याबरोबर चढत होती. टेकडीवरच्या पर्डी बहिणी घर सोडून धाकटीच्या मुलीकडे गेल्या. हेस्टर बेट्स गावाच्या वाचनालयाचं काम बघायची. तिच्या वडिलांच्या घराची घरपट्टी भरायला तिला वडिलांचंच रान तुकड्यातुकड्याने विकावं लागत होतं. कॅलिफोर्नियात लोकांनी मतदान करून घरपट्टी खाली आणल्याचं रेडिओवर आलं, तेव्हा लाकडाच्या गिरणीतले सगळे म्हणाले की मग आपण काय घोडं मारलंय. हायरमने गिरणीत जन्म काढला होता. माणूस सरळ. त्याला उभं करावं असं सगळ्यांनीच ठरवलं.

लुएला तेव्हा हसली होती. "तू घरपट्टी कापणार? अंगणातला किडका मेपल कापीन कापीन म्हणतोस, त्याला किती वर्षं झाली?"

"त्याची एक फांदी अजून पालवते," हायरम म्हणाला.

"तेच म्हणते मी," लुएला म्हणाली आणि विणायला लागली.

त्या पानगळीत एकेक माणूस त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन गेला. घरपट्टी कमी झालीच पाहिजे, हे सगळ्यांचं पहिलं वाक्य असायचं. क्लेटन आगीच्या बंबावरचा मुख्य. त्याने टेबलावर मूठ आपटून सांगितलं की गाव खर्चाने बुडतंय, आणि मग कॉफी संपवता संपवता म्हणाला की बंब मात्र यंदा नवा घ्यायलाच हवा, जुन्याचा पंप भर रस्त्यात बंद पडतो. हेस्टरने रडवेल्या आवाजात घरपट्टीचं सांगितलं, आणि जाताना दारात थांबून म्हणाली की वाचनालय हिवाळ्यात बंद ठेवायचं असं ऐकते, ते खरं नसेल ना. दुकानदाराला रस्त्यावरचे दिवे हवे होते. रस्त्यांवरचा मुकादम आर्मंड, त्याला खडी हवी होती. हायरम प्रत्येकाला तेच सांगायचा, की कुणीतरी काहीतरी सोडलं पाहिजे. प्रत्येकजण मान हलवायचा. एखाद्याच्या घरी आजारी माणूस असावं तशा सगळ्यांच्या माना हलायच्या. लुएला सगळ्यांना तळलेले गोड वडे द्यायची आणि काही बोलायची नाही. नोव्हेंबरात तिला खोकला लागला आणि ती खुर्चीतून पलंगावर गेली. मग हायरम घरपट्टीबद्दल महिनाभर काही बोलला नाही.

फेब्रुवारीत गावसभेची, म्हणजे मार्चमध्ये सगळं गाव ज्यांवर मत देतं ती कलमं छापायची वेळ आली. सभेचा अध्यक्ष इझ्रा टाउल. तो पूर्वी शाळेत शिकवायचा, आणि अजूनही समोरचा माणूस उत्तर चुकणार असं धरूनच ऐकायचा. हायरमने त्याला सांगितलं की घरपट्टीचं कलम सगळ्यांत आधी घ्यायचं.

इझ्रा म्हणाला, नेहमी खर्च आधी असतो. काय हवं ते लोक ठरवतात, मग त्याला किती लागेल ते बघतात.

"तसं केलं तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत घरपट्टीला काही उरणार नाही," हायरम म्हणाला. "आधी हात बांधून घेऊ दे त्यांना. मग आपोआप आवरतील."

इझ्राने त्याला नियम आठवून दिला. सभा एका कलमावरून पुढच्यावर गेली की मागचं त्या दिवशी पुन्हा उघडता येत नाही. मंजूर ते मंजूर.

हायरम म्हणाला, "मला तेच हवंय."

 बायको नुकतीच गेलेल्या माणसाशी वाद घालू नये असं इझ्राला वाटलं असावं. त्याने कलमं हायरमच्या मनासारखी लावली. घरपट्टी पहिली. रस्ते शेवटी.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव सभागृहात आलं. बाहेर बर्फ वितळत होता, धुकं जमिनीपासून हातभर उंच तरंगत होतं, आणि येणारी माणसं गुडघ्यांपर्यंत धुक्यात चालत आल्यासारखी दिसत होती. आत ओल्या लोकरीच्या कोटांची वाफ निघत होती. हायरम मंडळाच्या टेबलाशी लोकांकडे तोंड करून बसला. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, लुएलाची खुर्ची होती. ती दर वर्षी तिथे बसून विणायची. खुर्चीवर तिचं नाव नव्हतं, पण त्या दिवशी लोक भिंतींना टेकून उभे राहिले आणि तिथे कुणी बसलं नाही.

घरपट्टीच्या कलमावर चर्चाच झाली नाही. इझ्राने विचारलं, आणि "हो" असा आवाज आला की खिडकीवरचं पाखरू उडालं. "नाही" विचारल्यावर कुणी खोकलं. लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. हेस्टर रुमालाने डोळे पुसत होती. हायरमला वाटलं, झालं. उगाच घाबरत होतो आपण. त्याने सवयीने तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

मग वाचनालय आलं. मंडळाची सूचना होती की डिसेंबर ते मार्च बंद ठेवावं, म्हणजे शेगडीचं तेल वाचेल. हेस्टर उठली. ती फार काही बोलली नाही. हिवाळ्यात वाचनालयात कोण येऊन बसतं, त्यांची नावं तिने सांगितली. त्यातले निम्मे सभेतच होते. एकेकाचं नाव घेतलं की तो मान खाली घालायचा, कारण ते सगळे घरी शेगडी कमी पेटवून वाचनालयात ऊब घ्यायला येणारे होते. सूचना फेटाळली गेली. वाचनालय उघडं राहिलं.

मग बंब. क्लेटनने आदल्या वर्षीची गोठ्याची आग सांगितली. आत गायी कशा ओरडत होत्या तेही सांगितलं. बंब मंजूर झाला. मग दिवे. दुकानदाराची सासू अंधारात पडली होती, ती कुबडी घेऊन समोरच बसली होती. दिवे राहिले.

हायरम प्रत्येक वेळी उठून तेच बोलत होता. सकाळी आपण काय ठरवलं. कुणीतरी काहीतरी सोडलं पाहिजे. लोक त्याच्याशी सहमत होते, आणि तसं सांगतही होते. त्याला स्वतःचा आवाज दुरून यायला लागला, नदीच्या पलीकडून कुणी हाक मारावी तसा. मध्येच त्याला विणकामाच्या सुया ऐकू आल्या. टिक, टिक, टिक. त्याने मान वर केली. भिंतीलगतचे, सभागृह उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ तापताना वाजत होते.

जेवणाच्या सुट्टीत चर्चमधल्या बायकांनी भाजलेल्या घेवड्याच्या बिया, डुकराचं मांस आणि काळा पाव मांडला होता. सारण भरून भाजलेल्या गोड पाईंचं टेबल वेगळं होतं. सफरचंदाचे पाई होते, भोपळ्याचे होते. मेपलच्या सायीचा पाई नव्हता. तो लुएला आणायची. तो कुणी करायचा हे कुणी ठरवलंच नव्हतं, आणि टेबलाच्या कडेला एका ताटलीपुरती जागा तशीच राहिली होती. हायरमने काही खाल्लं नाही.

सुट्टीनंतर इझ्राने चष्मा पुसला आणि शांतपणे सगळ्यांना सांगितलं, की घरपट्टी कमी करायचं मंजूर झालं आहे. वाचनालय, बंब, दिवे हेही मंजूर झालं आहे. ती कलमं आता बंद आहेत. उरलंय ते रस्त्यांचं. सकाळपासून जे काही सोडायचं राहिलं ते सगळं आता इथेच सोडावं लागेल, नाहीतर गावाला बँकेकडून उसनं घ्यावं लागेल आणि पुढच्या वर्षी घरपट्टी आतापेक्षा वर जाईल.

आर्मंड भिंतीशी उभा होता. तो म्हणाला की खडी कमी केली तर चिखलाच्या दिवसांत दुधाच्या गाड्या गोठ्यांपर्यंत पोचणार नाहीत, दूध ओतून द्यावं लागेल.  रस्त्यांच्या कलमात मोठी रक्कम दुसरी एकच होती. टेकडीच्या रस्त्यावर ओढ्यावरचा लाकडी पूल कुजला होता, तो यंदा नवा बांधायचा होता. तो वगळला आणि रस्ता गावाच्या यादीतून काढून टाकला की हिशेब बरोबर जुळत होता. पर्डी बहिणी गेल्यापासून त्या रस्त्यावर कुणी राहत नव्हतं. तो रस्ता फक्त दफनभूमीला जात होता. आदल्या वर्षी हे कलम आलं असतं तर कुणी हातातली कॉफीसुद्धा खाली ठेवली नसती.

 गावसभेत इतकी शांतता हायरमने कधी ऐकली नव्हती. कुणी छताकडे बघत होतं, कुणी बुटांकडे. क्लेटन टोपी हातात फिरवत होता. हेस्टरने एकदा तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

तेव्हा हायरमला समजलं. सकाळपासून प्रत्येक गोष्टीला एकेक चेहरा होता. म्हणून काही सोडता आलं नाही. टेकडीच्या रस्त्याला इतकी वर्षं कुणाचाच चेहरा नव्हता, आणि या हिवाळ्यात तो आला होता. दगडी कोठीत पडलेल्या बाईच्या नवऱ्यासमोर उठून तो रस्ता बंद करा म्हणणारा माणूस हॅलममध्ये नव्हता. हे लोक त्याच्यासाठी आपला सकाळचा आनंद सोडायला तयार आहेत, की त्यानेच बोलावं म्हणून थांबलेत, हे त्याला सांगता आलं नसतं. त्यांनाही सांगता आलं नसतं.

नळांचा आवाज थांबला. हायरम उठला.

"टेकडीचा रस्ता गावाच्या यादीतून काढावा," तो म्हणाला. "पूल बांधू नये. असं मी मांडतो."

"हायरम, खाली बस लेका," आर्मंड भिंतीजवळून म्हणाला.

हायरम बसला नाही. इझ्राने अनुमोदन विचारलं.  शेवटी क्लेटनने टोपीकडे बघत, कुणाला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात अनुमोदन दिलं.

इझ्राने "हो" विचारलं. दोन-तीन पुटपुटल्यासारखे आवाज आले. "नाही" विचारलं, तर सगळं सभागृह गरजलं. सकाळच्या "हो"पेक्षा मोठं.  इझ्रा निकाल सांगणार एवढ्यात मागून एक हात वर आला. चिठ्ठीने मतदान घ्यावं. सात जणांनी मागितलं तर चिठ्ठ्या घ्याव्याच लागतात. दुसरा हात आला. मग सावकाश, एकमेकांकडे न बघता, आणखी. सातवा हात हेस्टरचा होता. तिने डोळे मिटले होते.

लोक रांगेने लाकडी पेटीपाशी गेले.  हायरमने आपल्या चिठ्ठीवर "नाही" लिहिलं, नीट घडी घातली आणि पेटीत टाकली.

ठराव मंजूर झाला.

बाहेर पडताना प्रत्येकाने त्याच्याशी हात मिळवला. हवेबद्दल बोलले. यंदा रस बरा आहे म्हणाले.

आर्मंडने त्याला बर्फ काढायच्या ट्रकमधून घरी सोडलं.  काचेवर धुकं येत होतं आणि आर्मंड ते बाहीने पुसत होता.

"माझी चिठ्ठी नाहीची होती," आर्मंड म्हणाला.

"माझीही."

आर्मंडने ट्रक रस्त्यातच थांबवला. "मग मांडलंस कशाला, गाढवा?"

हायरमने खिडकीतून बाहेर पाहिलं. झाडांच्या बादल्या धुक्यात टांगल्यासारख्या दिसत होत्या, झाडांशिवाय. "सकाळपासून सगळ्यांना सांगत होतो," तो म्हणाला, "की कुणीतरी काहीतरी सोडलं पाहिजे."

आर्मंडने ट्रक पुन्हा सुरू केला. घराशी आल्यावर त्याने इंजिन बंद केलं, पण हायरम उतरला नाही, आणि आर्मंडनेही त्याला उतर म्हटलं नाही. काचा पूर्ण पांढऱ्या होईपर्यंत ते तिथे बसून होते.

एप्रिलमध्ये बर्फ एकदम वितळला. ओढा फुगला आणि कुजलेला पूल मधोमध तुटून वाहून गेला. हायरम ओढ्यापर्यंत चालत गेला आणि उभा राहिला. पाणी तपकिरी होतं. पलीकडे रस्ता होता तसाच वर जात होता, पहिल्या वळणापर्यंत दिसत होता.

त्या दिवसापासून स्वप्न बदललं. आता रस्ता लांबत नसे. तो ओढ्याशी संपायचा. पलीकडे लुएला तिच्या सभेच्या खुर्चीत बसलेली असायची आणि विणत असायची. लोकर खाली पाण्यात सुटलेली असायची आणि वाहत जायची, तरी संपायची नाही. तो हाक मारायचा. ती वर बघायची नाही, पण रागावलेली वाटायची नाही. टाके मोजताना ती कधीच उत्तर देत नसे.

रोज सकाळी तो कोठीच्या दाराशी जाई. पूर्वीसारखं हवापाण्याचं बोलणं जमेना. एकदा त्याने सांगून टाकलं, की रस्ता मीच घालवला. आणि तुला नेणार आहे. कसं ते अजून माहीत नाही. पाद्री म्हणाले होते की खाली चर्चमागे छान जागा आहे, उन्हाची. हायरम त्यांना म्हणाला होता की तिथे हेस्टरची आई आहे. पाद्र्यांना ते कळलं नाही.

मेमध्ये जमीन मोकळी झाली. हायरम आर्मंडकडे गेला. आर्मंडकडे रस गोळा करायच्या घसरगाडीला जुंपायचे दोन थोराड घोडे होते. हायरमला विचारायचं होतं ते कसं विचारावं याचा तो वाटभर विचार करत होता. गोठ्यात आर्मंड घोड्याचा खूर मांडीवर घेऊन नाल ठोकत होता.

"शनिवारी," आर्मंड मान वर न करता म्हणाला. "हे दोघं ओढा सहज पार करतील. तुझं तू बघ, तुला पोहता येत नाही."

शनिवारी सकाळी हायरम आर्मंडबरोबर कोठीपाशी गेला. दार उघडताना थंडगार हवा बाहेर आली, जानेवारीतली, तशीच ठेवलेली. त्यांनी शवपेटी घसरगाडीवर ठेवली आणि बांधली. घोडे निघाले. हायरम मागून चालत होता. झाडांना नुकती पालवी आली होती, इतकी कोवळी की हिरव्यापेक्षा धुरासारखी दिसत होती, आणि घसरगाडी ओल्या मातीवरून आवाज न करता जात होती. तो जागा आहे की नाही हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. स्वप्नात त्याचे हात मोकळे असत. आता त्याने एक हात पेटीवर ठेवला होता.

ओढ्याजवळ येताना ठोकण्याचा आवाज आला.

क्लेटन आणि बंबावरची माणसं ओढ्यात कमरेपर्यंत उभी होती. त्यांनी बंबाच्या लांब शिड्या ओढ्यावर आडव्या टाकल्या होत्या आणि त्यांच्यावर फळ्या ठोकत होते. क्लेटनचे ओठ निळे पडले होते. पलीकडे दुकानदार आणि गिरणीतले चार-पाच जण रस्त्याच्या घळी दगडांनी आणि फांद्यांनी भरत वर चालले होते. हेस्टर एका दगडावर झाकलेली ताटली मांडीवर घेऊन बसली होती. हायरम तिच्याजवळून जाताना ती उठली.

"मेपलच्या सायीचा आहे," ती ताटलीकडे बघत म्हणाली. "लुएलाने कृती सांगितली होती. मला नीट जमलेला नाही. पातळ झालाय."

"तिचाही पहिला पातळच झाला होता," हायरम म्हणाला.

घोडे पाण्यातून गेले, माणसं फळ्यांवरून. चिठ्ठीवर कुणी काय लिहिलं होतं ते त्याने कुणाला विचारलं नाही. ते सगळे तिथे होते आणि त्यांच्या विजारींना मांडीपर्यंत चिखल होता. रस्ता स्वप्नातल्यापेक्षा खूपच लहान निघाला. दोन वळणं झाली आणि फाटक आलं.

मुलाचा दगड शेवाळला होता. शेजारी खणलेली माती काळी आणि उबदार होती; हायरमने ती हातात घेऊन पाहिली. पाद्र्यांनी थोडक्यात प्रार्थना केली. पेटी खाली गेली. दोरांचा आवाज थांबला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं, सुयासुद्धा नाहीत. हायरमला बोलायचं होतं, पण आठवलं ते एवढंच की आज हवा छान आहे, आणि ते त्याने सांगितलं.

उतरताना लोक सैल झाले. हेस्टरने आणलेला पाई सगळ्यांनी बोटांनीच खाल्ला. ओढ्याजवळ आल्यावर हेस्टरने तुटलेल्या पुलाच्या दगडी बुंध्याकडे पाहिलं आणि म्हणाली की हा पूल असा राहू देणं बरं नाही. पुढच्या मार्चमध्ये ती स्वतः कलम मांडणार. रस्ता परत गावाकडे घ्यायचा आणि पूल बांधायचा.

"माझं अनुमोदन," क्लेटन लगेच म्हणाला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. बांधायलाच पाहिजे. माणसाला आपल्या माणसांपाशी जाता येऊ नये म्हणजे काय.

"आणि घरपट्टी?" आर्मंडने घोड्याच्या मानेआडून विचारलं.

हेस्टर त्याच्याकडे वळली. "ती वाढवायची नाही. कशीबशी भरतेय मी यंदा."

"छे, ती नाहीच वाढवायची," क्लेटन म्हणाला.

आर्मंडने हायरमकडे पाहिलं.  हायरमला आधी वाटलं रडू येतंय. मग तो हसायला लागला, आणि थांबेना. जानेवारीपासून तो हसला नव्हता, त्यामुळे आवाज गंजलेला निघत होता. हेस्टरला आधी वाईट वाटलं, मग तीही हसली, कशाला ते तिला कळलं नव्हतं. क्लेटन म्हणत होता की यात हसण्यासारखं काय आहे, कुठेतरी दुसरीकडे काटकसर करता येईल.

"कुठे?" आर्मंड म्हणाला.

"ते बघू ना," क्लेटन म्हणाला.

सगळे अलीकडे आल्यावर बंबावरची माणसं शिड्या काढायला लागली. हायरम म्हणाला की आजचा दिवस राहू द्या.

क्लेटनला अवघड झालं. शिड्या गावाच्या होत्या. कुठे आग लागली आणि शिड्या ओढ्यावर सापडल्या तर पुढच्या सभेत त्याला कुणी उभं करणार नव्हतं. त्याने दोन्ही शिड्या काढून घेतल्या, पाणी झटकलं आणि गाडीवर बांधल्या.  मग तो परत ओढ्यात उतरला, आणि सगळ्यांत लांब दोन फळ्या उचलून या काठापासून मधल्या खडकापर्यंत आणि तिथून पलीकडच्या काठापर्यंत टाकल्या. त्यांच्या टोकांवर त्याने दगड ठेवले आणि पाय देऊन बघितलं.

"या माझ्या घरच्या आहेत," तो म्हणाला.

लोक गेले. हायरम त्या रात्री कधी नव्हे तो उन्हं वर येईपर्यंत झोपला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंगणातल्या किडक्या मेपलची एकच फांदी पालवली होती. तो तिच्याखालून गेला, ओढ्याशी आला आणि दोन्ही हात पसरून, सावकाश, फळीवरून पलीकडे चालू लागला.